रायगड जिल्ह्यातील हेलिकॉप्टर अपघात

रायगड जिल्ह्यातील अलीकडचे दोन अपघात विशेष नोंदले गेले. 10 मार्च 2018 रोजी तटरक्षक दलाचे चेतक हेलिकॉप्टर बिघाडामुळे मुरूडजवळच्या नांदगाव येथे खडकाळ किनाऱ्यावर कोसळत उतरले. त्यातील चौघेही जिवंत बाहेर पडले. पण बाहेर पडताना फिरत्या पात्याचा फटका बसलेल्या सहायक कमांडंट महिला अधिकाऱ्याचे त्याच महिन्यात निधन झाले.

दुसरा अपघात 3 मे 2024 चा, महाडचा. शिवसेना (उबाठा) नेत्या सुषमा अंधारे यांना प्रचारासाठी न्यायला आलेले हेलिकॉप्टर उतरता उतरता धुरळ्यात कलंडले. वैमानिक बचावले. अंधारे अजून चढल्याच नव्हत्या.

हेलिकॉप्टरचे इंजिन हवेतच बंद पडले, तरी सुखरूप उतरण्याचा मार्ग असतो: वैमानिक यंत्र वेगाने खाली आणतो, वरच्या दिशेने वाहणाऱ्या हवेवर पाती फिरती ठेवतो आणि शेवटी अलगद टेकवतो. त्याला उंची किंवा वेग लागतो. पण पिकावर अवघ्या काही मीटरवरून फवारणी करताना उंची नसतेच. 2020 मध्ये राजस्थानात टोळधाडीविरुद्ध बेल 206 वापरले गेले, तेही याच जोखमीचे उड्डाण. कमी उंचीवरच्या उड्डाणात वीजतारा सर्वांत दगाबाज: खांब दिसतो, तार दिसत नाही. 25 मे 2017 रोजी निलंग्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच तारांत अडकून कोसळले, सारे बचावले.