करारात नसलेला पक्ष

मुळशी म्हटले की मराठी वाचकास सेनापती बापट आठवतात, आणि ते स्वाभाविकच आहे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे टाटांच्या धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा तेथून महाराष्ट्रभर गेली. राजेंद्र व्होरा यांच्या ग्रंथामुळे या लढ्याचे सामाजिक अंतरंगही आपल्यापुढे आले आहे. आम्हांस येथे त्या लढ्याची कथा पुन्हा सांगायची नाही. तिच्यातील एका रुक्ष कागदाकडे, म्हणजे करारनाम्याकडे, लक्ष वेधायचे आहे.

१८९४ च्या भूसंपादन कायद्याचा सातवा भाग खाजगी कंपन्यांसाठी होता. कंपनीसाठी जमीन घ्यायची तर त्यातील कलम ४१ नुसार कंपनीने सरकारशी करार करावा आणि तो राजपत्रात प्रसिद्ध व्हावा, अशी तरतूद होती. करार दोघांचा: एकीकडे सरकार, दुसरीकडे कंपनी. ज्याची भातखाचरे पाण्याखाली जाणार, तो या दस्तऐवजात पक्ष म्हणून कोठेच नव्हता. त्याच्यासाठी मोबदला होता, पण त्याच्या अटी ठरविण्याचा अधिकार त्याला नव्हता. शिवाय अनेकांच्या जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या, त्यामुळे मोबदल्याचा बराच भाग त्यांच्याकडेच गेला. दुसऱ्या दोघांनी आपल्याविषयी करार करावा आणि आपण त्याचे परिणाम भोगावे, हा अनुभव मुळशीला असा जुना आहे.

हाच साचा, अर्थात पुष्कळ सौम्य रूपात आणि भल्या हेतूने, २००५-०६ मध्ये राज्यातील सर्व तालुक्यांत आला आणि मुळशीतही आला. राज्य सरकारने शेतकऱ्यांसाठी अपघात विमा योजना सुरू केली. हप्ता सरकारने भरायचा, जोखीम विमा कंपनीने घ्यायची आणि अपघाती मृत्यू झाल्यास वारसास एक लाख रुपये मिळायचे. पुढे २०१५-१६ मध्ये योजनेस गोपीनाथ मुंडे यांचे नाव देण्यात आले व रक्कम दोन लाख झाली. सर्पदंश, वीज पडणे, बुडणे, झाडावरून कोसळणे हे खेड्यातील मृत्यूचे सारे परिचित प्रकार त्यात होते. मात्र पॉलिसी सरकार आणि कंपनी यांच्यातच होती. शेतकऱ्याने तिच्यावर सही केली नव्हती, बहुतेकांनी ती पाहिलीही नव्हती. तिची भाषा कळायची ती घरात मयत झाल्यावर, आणि तीही दावा नाकारणाऱ्या पत्रातून. सातबाऱ्यावर नाव उशिरा चढले, मोटारसायकल चालविण्याचा परवाना जोडला नाही, अर्ज ठरलेल्या ९० दिवसांनंतर आला, अशी ती कारणे असत. वडिलांच्या नावाची जमीन कसणारा मुलगा गावाच्या दृष्टीने शेतकरी होता. पॉलिसीच्या दृष्टीने नव्हता. कुटुंबातील आणखी एका सदस्यास संरक्षण देऊन शासनाने ही उणीव २०१९ मध्ये काहीशी भरून काढली.

साहित्याच्या अभ्यासकांस यात रस का असावा? कारण हा अखेर वाचनाचाच प्रश्न आहे. विम्याचा करार एकानेच लिहिलेली संहिता असते. दुसऱ्याने ती आहे तशी स्वीकारायची किंवा सोडायची. अशी संहिता कोणाच्या बाजूने वाचावी, याचा आपल्याकडील इतिहास मोठा उद्बोधक आहे. अर्जातील एखादे उत्तर चुकले एवढ्यावरून, अनेक वर्षे हप्ते भरलेली पॉलिसी रद्द करण्याची पळवाट विमा कंपन्यांना होती. १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४५ ने तिला बांध घातला: दोन वर्षांनंतर केवळ चुकीच्या माहितीवरून आयुर्विम्याची पॉलिसी मोडता येणार नाही, जाणूनबुजून केलेली फसवणूक दाखवावी लागेल. २०१५ च्या दुरुस्तीने ही मुदत तीन वर्षांची झाली, पण त्यानंतर कोणत्याही कारणाने आक्षेप घेण्याची वाट बंद झाली. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संदिग्ध शब्दांचा अर्थ ते लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावावा हे तत्त्व उचलून धरले, आणि त्याच निकालात न्यायालय पक्षांसाठी नवा करार लिहू शकत नाही, असेही बजावले. (लेखकाच्या मृत्यूची चर्चा करणाऱ्या आपल्या वर्गांत हे आवर्जून सांगावे: विम्याच्या संहितेत लेखक जिवंत असतो आणि शब्दांची जबाबदारी त्याच्यावरच असते.)

दरम्यान, मेघदूताचा मराठी अनुवाद करणारे चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला. साताऱ्यास १९१३ मध्ये अण्णासाहेब चिरमुले यांनी उभारलेल्या वेस्टर्न इंडिया लाइफसह २४५ संस्था नव्या महामंडळात विलीन झाल्या. पण सरकारी मालकीने अटी आपोआप न्याय्य झाल्या नाहीत. महामंडळाची एक स्वस्त मुदत-विमा पॉलिसी फक्त सरकारी, निमसरकारी किंवा नामांकित व्यापारी संस्थांतील पगारदारांनाच मिळे. मुळशीचा भातउत्पादक, डोंगरावरचा धनगर, पुण्यात हातगाडी ओढणारा हमाल यांच्यासाठी ती नव्हतीच. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राने त्याविरुद्ध दिलेला लढा १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात यशस्वी झाला; विम्याच्या अटी न्याय्य व वाजवी असल्या पाहिजेत, असे न्यायालयाने म्हटले आणि ती अट घटनाबाह्य ठरविली. विमाधारकांच्या संरक्षणाच्या इतिहासात आम्ही या निकालास सर्वांत वरचे स्थान देऊ. त्याने अटीच्या अर्थापाशी न थांबता अटीची योग्यता तपासली.

शेतकऱ्यांच्या वारसांना मात्र तारले ते एका साध्या शब्दाने. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘ग्राहक’ या व्याख्येत सेवेचा मोबदला देणाऱ्याबरोबर त्या सेवेच्या लाभार्थीचाही समावेश केला होता. त्यामुळे हप्ता न भरलेली, सही न केलेली विधवा जिल्हा मंचापुढे उभी राहू शकली, आणि राज्यात अशा अनेक दाव्यांत मुदतीची किंवा कागदपत्रांची अट कल्याणकारी योजनेत इतकी ताठर मानता येणार नाही, असे निर्णय झाले. १९२१ च्या मावळ्यापाशी असा शब्द नव्हता.

२०१९ च्या नव्या कायद्याने ‘अनुचित करार’ ही संकल्पना प्रथमच लेखी व्याख्येत आणली. ग्राहकास प्रतिकूल ठरणाऱ्या अवाजवी अटी रद्द ठरविता येतात. हा अधिकार मात्र जिल्हा आयोगाला नाही, राज्य व राष्ट्रीय आयोगांना आहे. पौडच्या माणसाने जिल्हा आयोग ओलांडून पुढे जावे, असा त्याचा व्यवहारातील अर्थ.

आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने या अपघात योजनेतून विमा कंपन्यांना वगळले. आता मदत शासनच थेट देते, दावे अडविणारा मध्यस्थ गेला, हे चांगलेच झाले. पण योजनेच्या नव्या नावात ‘विमा’ हा शब्द उरला नाही; त्या जागी ‘सुरक्षा सानुग्रह अनुदान’ आले. विम्यात हक्क असतो, अनुग्रहात कृपा असते. अर्ज नामंजूर झाला तर लाभार्थीने आता ग्राहक म्हणून दाद मागायची की याचक म्हणून, हे त्या शब्दावरून तरी कळत नाही.