देशांतर केलेल्या समाजाचे कागद : तंजावर आणि धुळें

१

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ सालीं कोरविलेला भोसले वंशाचा मराठी लेख इतिहासप्रेमी वाचकांस परिचित आहे. तो दुसऱ्या सरफोजी राजांच्या कारकीर्दींत त्यांच्या चिटणिसानें सिद्ध केला, आणि मराठींतील अत्यंत विस्तृत शिलालेखांत त्याची गणना होते. आपल्या मूळ देशापासून दूर द्रविड देशांत वसलेल्या एका राजकुलानें आपण कोण व कोठून आलों हें पुढील पिढ्यांस कळावें म्हणून तें दगडावर लिहून ठेविलें, हें योग्यच झालें. परंतु त्या दगडावर आहे तें राजकुल. राजाबरोबर व राजामागून जे कारकून, शिलेदार, पुराणिक, कीर्तनकार, वैद्य, आचारी व गोसावी कावेरीकांठीं गेले, त्यांची हकीकत कोणत्या भिंतीवर आहे ? ती कागदावर होती. आणि कागदास भिंतीचें आयुष्य नसतें.

देशांतर केलेल्या समाजाचे कागद कोण राखतो, व कसे राखतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा प्रश्न तंजावरचा म्हणून खानदेशांतील वाचकास दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याचें उत्तर शोधूं लागल्यास वाट धुळ्यावरून जाते, आणि शेवटीं ती आपल्याच रावेर-यावलच्या शिवारांत येऊन पोहोंचते, असें दाखवितां येईल.

२

व्यंकोजी राजांनीं १६७५-७६ च्या सुमारास तंजावर हस्तगत केलें, आणि १८५५ सालीं दुसरे शिवाजी राजे निपुत्रिक वारल्यावर कंपनी सरकारनें तें संस्थान खालसा केलें. म्हणजे सुमारें १८० वर्षें तेथें मराठी दरबार नांदला. या अवधींत तेथें एक स्वतंत्र मराठी वस्ती रुजली. शहाजी राजांनीं (१६८४-१७१२) मराठींत नाटकें लिहिलीं. सरफोजींनीं छापखाना काढून मराठी बालबोध पुस्तक छापविलें, तेव्हां पुण्यांत छापखाना निघाला नव्हता. राज्य गेलें तरी वस्ती गेली नाहीं. कुंभकोण येथें १८२८ सालीं जन्मलेले सर टी. माधवराव हे याच वस्तींतले. त्रावणकोर, इंदूर व बडोदें या तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनीं केली. रामचंद्रबोवा मोरगांवकर यांच्या मराठी कीर्तनपद्धतीचें वळण तंजावरच्या कृष्ण भागवतांनीं उचललें, आणि त्यांतून तमिळ देशांतील हरिकथेस नवें रूप आलें. घरांत एक मराठी, दारांत तमिळ व लेखांत कधीं तेलुगु, अशी या मंडळींची स्थिति झाली.

या समाजाच्या कागदांचे दोन भाग पडतात. पहिला भाग दरबारचा. तो सरस्वती महाल ग्रंथालयांत राहिला. १९१८ सालीं तें ग्रंथालय राजघराण्याच्या खाजगींतून निघून लोकांस खुलें झालें, आणि आज तेथें संस्कृत पोथ्यांच्या प्रचंड राशीबरोबर सुमारें तीन हजार मराठी पोथ्या व मोडी कागदांचे पुष्कळ रुमाल आहेत. तमिळ विद्यापीठानें १९८९ सालीं या मोडी कागदांपैकीं निवडक कागदांचें तमिळ भाषांतर तीन खंडांत प्रसिद्ध केलें. मराठी दरबारचे मोडी कागद तमिळ वाचकास आपल्या भाषेंत वाचावयास मिळाले, ही गोष्ट तमिळ पंडितांस भूषणावह, व आपणांस विचार करावयास लावणारी आहे.

दुसरा भाग घरांचा व मठांचा. येथें राजाज्ञा नाहीं, पगारी कारकून नाहीं, आणि कपाटही नाहीं. जें उरलें तें कोणा एका गृहस्थाच्या आस्थेनें उरलें. सरस्वती महालांतच याचा दाखला आहे. जांबुनाथ भट लांडगे, कागलकर व पतंग अवधूत यांचे खाजगी ग्रंथसंग्रह पुढें त्या ग्रंथालयांत आले. हीं नांवें नुसतीं वाचावीं. कागलकर हें आडनांव कोल्हापुराजवळील कागल गांव पिढ्यानुपिढ्या बरोबर बाळगून आहे. ज्या घरानें आपल्या पोथ्या एकत्र ठेविल्या व अखेरीस लोकांच्या हवालीं केल्या, त्या घराचें नांव संग्रहाबरोबर राहिलें. ज्यांनीं वांटण्या करून पोथ्या चहूंकडे जाऊं दिल्या, त्यांचें नांव व पोथी दोन्ही गेलीं.

३

मठांच्या कागदांचा विचार करूं लागलें कीं धुळें आठवतें. व्यंकोजी राजांवर समर्थांचा अनुग्रह होता, व सज्जनगडावरील राममूर्ति तंजावरांतच घडविल्या गेल्या, अशी सांप्रदायिक परंपरा आहे. परंपरेचा निवाडा कसाही होवो, रामदासी मठ तंजावर प्रांतीं स्थापन झाले व तेथें मराठी ग्रंथरचना झाली, हें निर्विवाद आहे. देशांतर केलेल्या मनुष्यास परमुलुखांत आपली भाषा जिवंत ठेवण्याचें साधन म्हणजे मठ, कीर्तन व पोथी. यामुळें तंजावरच्या मराठी वस्तीचा अंतरंग इतिहास हवा असेल तर दरबारी रुमालांइतकेंच संप्रदायाचें बाड पाहिलें पाहिजे. आणि त्या संप्रदायाच्या बाडांचा मोठा संग्रह ना तंजावरांत, ना साताऱ्यांत, तर खानदेशांत आहे.

तो तेथें कसा आला ? शंकर श्रीकृष्ण देव (१८७१-१९५८) हे धुळ्याचे वकील. सत्कार्योत्तेजक सभा १८९३ सालीं धुळ्यांत निघाली. देवांनीं वकिलीच्या पोटापाण्यास बाजूस सारून मठामठांतून हिंडावें, महंतांची मनधरणी करावी, बाडें उतरून घ्यावीं किंवा मिळाल्यास आणावीं, असा क्रम अनेक वर्षें चालविला. परांडें तालुक्यांतील डोमगांवच्या मठांत कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत आहे. तिच्या आधारें सभेनें १९०५ सालीं दासबोध छापून काढला. पुढें १९३५ सालीं श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर उभें राहिलें व जमविलेल्या ग्रंथांस घर मिळालें. समर्थांच्या हस्ताक्षरांतील म्हणून मानलेलें वाल्मीकि-रामायण याच मंदिरांत आहे. या सर्व खटाटोपास कोणा संस्थानिकाची सनद नव्हती. वर्गणी, देणगी व स्वतःचे पाय, एवढेंच भांडवल.

त्याच गांवीं दुसरें उदाहरण इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचें. १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें या मालेचा पहिला खंड त्यांनीं काढला, आणि तिचे बावीस खंड झाले. १९१० सालीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यांत खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्याबरोबर त्यांचा हात होता. आयुष्याच्या उत्तरार्धांत ते धुळ्यास राहिले व ३१ डिसेंबर १९२६ रोजीं तेथेंच वारले. देशांतर हा त्यांच्या चिंतनाचा जिव्हाळ्याचा विषय होता. ‘महाराष्ट्राचा वसाहतकाल’ या निबंधांत उत्तरेकडून आलेल्या लोकांनीं हा देश कसा वसविला, याची मांडणी त्यांनीं केली. तिचे निष्कर्ष आज जसेच्या तसे कोणी मान्य करणार नाहीं. परंतु गांवांचीं नांवें, आडनांवें व बोलीभाषेचे शब्द हींही देशांतराचीं कागदपत्रेंच आहेत, ही दृष्टि त्यांनीं दिली, आणि ती टिकाऊ आहे.

४

राजवाडे यांच्याच चरित्रांत संग्राहकानें शिकावयाची एक कटु गोष्ट आहे. बीड जिल्ह्यांत त्यांस ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी सांपडली. तिच्या आधारें १९०९ सालीं त्यांनीं ज्ञानेश्वरी छापली व तिच्या भाषेचें व्याकरण रचलें. छापील पाठ राहिला. मूळ पोथी मात्र पुढील अभ्यासकांस पाहावयास मिळाली नाहीं. परिणामीं त्या पाठाच्या प्राचीनत्वाविषयींचा वाद ज्या एका पुराव्यानें मिटला असता, तो पुरावाच हातचा गेला. एवढ्या थोर संशोधकाच्या हातून असें व्हावें, यावरून सामान्य संग्राहकानें किती जपलें पाहिजे हें उघड आहे.

याच्या उलट त्यांच्या निधनानंतर जें घडलें तें पाहावें. त्यांच्या मागें संसार नव्हता; होते ते कागद, टिपणें व अपुरे लेख. अशा संग्रहाची वाताहत होण्यास एक पावसाळा पुरतो. परंतु अवघ्या नऊ दिवसांनीं, ९ जानेवारी १९२७ रोजीं, धुळ्याच्या मंडळींनीं राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केलें. भास्कर वामन भट यांच्यासारख्या सहकाऱ्यांनीं कागद सांभाळून ठेविले, आणि ‘संशोधक’ हें त्रैमासिक चालवून त्यांचें फळ वाचकांपुढें मांडलें. व्यक्तीनें जमविलें तें संस्थेनें राखलें.

या दोन उदाहरणांवरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली : मूळ पोथी तिचा धनी नीट सांभाळीत असेल तर ती त्याच्याकडेच राहूं द्यावी व नक्कल किंवा छायाचित्र घ्यावें. डोमगांवच्या प्रतीचा पाठ साऱ्या महाराष्ट्रास मिळाला आणि प्रत मठाची राहिली, हा कित्ता उत्तम होय. दुसरी : जें आणावें त्यावर तें कोठून, कोणाच्या घरून व कोणत्या तिथीस आणिलें हें त्याच दिवशीं लिहावें. पोथीच्या शेवटच्या पानावरील लेखकाचें नांव, गांव व शक यांची नोंद प्रथम करावी. देशांतर केलेल्या घराण्याच्या बाबतींत ही खूण जीवनाधार आहे. कारण कोणत्या गांवाहून कोणत्या गांवीं कुटुंब गेलें, हें बहुधा दुसरीकडे कोठेंही लिहिलेलें नसतें. तिसरी : संग्राहकानें हयातींतच आपला संग्रह कोणाच्या हवालीं करावयाचा तें ठरवावें.

५

परदेशांतील एक उदाहरण येथें उपयोगी पडेल. बाल्टिक समुद्राच्या कांठीं एस्टोनिया नांवाचा लहानसा देश आहे. १९४४ सालीं सोव्हिएत सैन्य परत येतांच तेथील सत्तर हजारांवर लोक परागंदा झाले. त्यांपैकीं बरेच नावांतून स्वीडनला गेले व बरेच जर्मनींत निर्वासित म्हणून राहिले. त्यांतील कांहीं कुटुंबें पुढें ऑस्ट्रेलियांत उतरलीं. १९५२ सालीं, म्हणजे नव्या देशांत पाय टेकून फार तर चार-पांच वर्षें झालीं असतां, सिडनी येथें त्यांनीं आपलें दप्तरखानें स्थापन केलें. डॉक्टर ह्यूगो सालासू हे त्याचे प्रवर्तक. तेथें काम करणारे लोक वेतन घेत नाहींत. त्यांनीं काय जमविलें ? आपल्या भाषेंतील वृत्तपत्रें, मंडळांचीं इतिवृत्तें, पत्रें, छायाचित्रें. यांत राजाचा कागद एकही नाहीं.

तंजावरच्या वस्तीशीं हें ताडून पाहावें. तिला दरबार होता, म्हणून दरबारी कागद राहिले; घरगुती कागदांची काळजी कोणी करावी हा प्रश्नच उद्भवला नाहीं, आणि दरबार गेल्यावर तो सुचला तेव्हां अर्धें गेलें होतें. एस्टोनियन लोकांस दरबार नव्हता, म्हणून त्यांनीं पहिल्याच पिढींत, आठवणी ताज्या असतां, घरचा कागद जपला. कागद जपण्याची खरी वेळ वैभव गेल्यानंतरची नव्हे. स्थलांतर करून आलेला आजा जिवंत आहे व नातू त्याची भाषा समजतो, तोंवर ती वेळ असते.

६

आतां खानदेशाकडे वळूं. आपण मठाच्या व मराठेशाहीच्या कागदांसाठीं जें केलें, तें आपल्याच गांवच्या देशांतरितांसाठीं केलें आहे काय ? रावेर-यावलकडील लेवा पाटीदार व शहादें-तळोद्याकडील गुजर आपलें मूळ गुजरातेकडे सांगतात. त्यांच्या वंशावळी भाटांच्या वह्यांत आहेत. भाट ठराविक काळानें गांवीं येई, नवीं नांवें चढवी, जुनीं वाचून दाखवी व बिदागी घेऊन जाई. ती वही भाटाची, तिची लिपि व बोली त्याच्या घराण्याची; गांवास तिची नक्कल क्वचितच मिळे. भाटाच्या मुलानें दुसरा व्यवसाय धरला कीं त्या वहीबरोबर अनेक गांवांची पूर्वपीठिका मिटते. तीच गोष्ट जुन्या घरांतील खतपत्रांची, लग्नगीतांची व आजीच्या तोंडच्या शब्दांची.

हें काम मोठें आहे, परंतु अशक्य नाहीं. खानदेश जिल्ह्याचे १९०६ सालीं पूर्व व पश्चिम असे भाग झाले, व पुढें १९९८ सालीं धुळ्यापासून नंदुरबार निराळा झाला. म्हणून एका घराण्याचे कागद आज तीन जिल्ह्यांत शोधावे लागतात, हें ध्यानांत ठेवून आरंभ करावा. प्रत्येक तालुक्यास दोन गृहस्थ मिळाले तरी पुरे. त्यांनीं भाट येईल तेव्हां त्याची योग्य बिदागी देऊन वहीचीं पानें छायाचित्रित करावीं, त्याच्या तोंडचें वाचन ध्वनिमुद्रित करावें, वही त्याच्याकडेच राहूं द्यावी, आणि नक्कल धुळ्याच्या किंवा जळगांवच्या ग्रंथसंग्रहांत नोंद करून ठेवावी. वहीतील कथा ऐतिहासिक कसोटीस किती उतरते हा विचार नंतरचा. कथा हातीं असेल तरच ती कसाला लावतां येईल.

देव व राजवाडे यांनीं परगांवच्या मठांचे व घरांचे उंबरठे झिजविले. आपणांस तितकें दूर जावयाचें नाहीं. या अंकाच्या वाचकांपैकीं कोणाच्या घरीं किंवा शेजारीं अशी वही, बाड अथवा देशांतराचा उल्लेख असलेलें एखादें खत असेल, तर त्यांनीं येत्या पावसाळ्यापूर्वीं तें उघडावें, उन्ह द्यावें, पहिल्या व शेवटच्या पानाची नक्कल करावी, आणि गांव, घर व तिथि लिहून ती मंडळाकडे पाठवावी, ही विनंति.