चिकपेटेतील वाडा आणि आतकूरची शिळा

बदलीच्या निमित्ताने बेंगळुरास आलेला मराठी माणूस चिकपेटेत शहाजीराजांची खूण शोधू लागतो, हे स्वाभाविक आहे. १६३८ साली विजापूरकरांच्या वतीने रणदुल्लाखानाने हे नगर केंपेगौडाकडून घेतले व पुढे ते राजांच्या जहागिरीत आले. त्यांचा गौरीमहाल चिकपेटेत होता, असे परंपरा सांगते. कापडाच्या दुकानांच्या दाटीत आज त्याचा मागमूस नाही. बाजाराला दोष देण्यात अर्थ नाही. जुने राखणे हा बाजाराचा धर्मच नव्हे. तो कोणी तरी बुद्धिपुरस्सर पत्करावा लागतो.

बेंगळुरात तो १८६५ साली पत्करला गेला. मद्रासचे संग्रहालय उभारणारे सर्जन एडवर्ड बाल्फोर यांच्या प्रेरणेने येथे सरकारी वस्तुसंग्रहालय निघाले. १८७७ मध्ये त्याच्यासाठी कब्बन पार्काच्या कडेला तांबडी इमारत बांधण्यात आली.

या संग्रहातील आतकूरची शिळा आम्हांस विशेष मोलाची वाटते. मंड्या जिल्ह्यातून आलेल्या या इ. स. ९४९ च्या शिळेवर राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि त्याचा मांडलिक गंग राजा बुतुग यांनी चोळांवर मिळविलेल्या विजयाची वार्ता आहे. ज्या कुळातील पहिल्या कृष्णाच्या काळी वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले, त्याच कुळाचा हा वंशज. परंतु शिळा उभारली गेली ती एका कुत्र्यासाठी! मणलेर नावाच्या वीराने पराक्रमाचे बक्षीस म्हणून 'काळी' हे शिकारी कुत्रे मागून घेतले. पुढे रानडुकराशी झुंजताना ते डुकरासह मरण पावले. त्या शिळेच्या पूजेसाठी जमीन दान दिली गेली आणि पूजा चुकवून जेवणाऱ्या पुजाऱ्यास पाप लागेल, असेही तीवर कोरले गेले.

शिळा गावातून हलली तेव्हा ती पूजा सुटली. हे नुकसान लहान नव्हे. मग संग्रहालयाने त्या पुजाऱ्याचे ऋण स्वीकारले, असेच म्हणावे लागेल. ऊनपावसापासून रक्षण, लेखाचे वाचन, आणि ती कोठून व का आली हे येणाऱ्यास सांगणे, ही त्याची नित्यपूजा होय. नुसते दालनात ठेवणे म्हणजे पूजा चुकवणेच.

या पूजेत परमुलखातील आपणही वाटेकरी आहोत. चिकपेटेत आपलेच तेवढे शोधणाऱ्यास रिक्त हस्ते परतावे लागते. कानडी शिळेपुढे उभे राहणाऱ्यास मात्र आपल्या इतिहासाचा हरवलेला धागा सापडतो.