पस्तीस रुपयांचा मास्तर आणि न्यू इंग्लिश स्कूलमधली भाऊबंदकी

टिळक आणि गोखले यांचे वैर म्हटले की जहाल-मवाळ, १९०७ ची सुरत आणि काँग्रेसच्या मांडवात भिरकावलेला जोडा आठवतो. या वैराची पहिली ठिणगी मात्र त्याच्या सतरा वर्षे आधी पडली होती, आणि तीही पुण्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या शिक्षकवर्गात. वाद होता वेतनाचा, वेळेचा आणि शाळेबाहेर केलेल्या कामांचा.

१८८५ च्या आरंभी गोपाळ कृष्ण गोखले न्यू इंग्लिश स्कूलमध्ये साहाय्यक शिक्षक म्हणून रुजू झाले. वेतन दरमहा ३५ रुपये, वय अठरा पूर्ण. आदल्याच वर्षी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले होते. बोरघाट चढून, लोणावळा आणि तळेगाव मागे टाकत मावळातून पुण्याला जाणारी आगगाडी तेव्हा वीस-बावीस वर्षांची जुनी झाली होती, आणि मुंबईत पदवी घेतलेल्या तरुणांचा पुण्याला येण्याचा तोच राजमार्ग होता.

घरची स्थिती बेताची. वडील वारल्यावर थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये ते धाकट्या भावाला पाठवीत. अशा घराला या पदवीधराकडून सरकारी हुद्द्याची किंवा वकिलीची आशा असणे स्वाभाविक होते. गोखल्यांनी १८८६ मध्ये उलटे केले. ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले, म्हणजे तुटपुंज्या वेतनावर वीस वर्षे शिकवण्याच्या बंधनात स्वतःहून अडकले.

येथे संस्थेची घडण समजून घ्यायला हवी, कारण भांडणाचे मूळ तिच्यातच आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी १८८० मध्ये शाळा काढली. आपटे आणि आगरकर पाठोपाठ आले. १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली, तीही याच मंडळींची. चिपळूणकर १८८२ मध्ये वारले. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात एकत्र राहिले. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज उघडले. शाळा, कॉलेज, छापखाना आणि वृत्तपत्रे अशी सगळी एकाच घरची भांडीकुंडी. अशा घरात वाटणी सुरू झाली की कुठले भांडे कोणाचे, हे कोणालाच धड सांगता येत नाही.

गोखले आले तेव्हा वाटणीची कुजबुज सुरू झालीच होती. सामाजिक सुधारणांवरून टिळक आणि आगरकर यांची मते फाकली आणि १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’चे संपादकत्व सोडले. पुढल्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू गोखले लिहू लागले. नवा मास्तर कोणत्या बाकावर बसला, ते साऱ्या पुण्याला कळले.

पाठ्यपुस्तके हा कलह सनातनी विरुद्ध सुधारक अशा दोन शब्दांत आटोपतात. ते अर्धेच खरे आहे. आजीव सभासदांच्या बैठकांत खडाजंगी होई ती पैशावरून. वेतनात थोडी वाढ व्हावी असे आगरकरांचे म्हणणे. टिळकांचा त्याला विरोध. होळकर महाराजांकडून आलेली देणगी व्यक्तींची की संस्थेची, यावरही बोलाचाली झाली. टिळकांपुढे जेझुइट धर्मगुरूंचा आदर्श होता: गरजेपुरते घ्यावे, सर्व शक्ती संस्थेला द्यावी, बाहेरची मिळकत आपली मानू नये. आगरकरांना हे व्रत मठातल्या संन्याशाचे वाटे, बायकामुले असलेल्या मास्तराला न पेलणारे. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, असे आईला कळवून या कामात पडलेला आणि दम्याने जर्जर झालेला हा माणूस वेतनवाढ मागत होता, हे विसरून चालणार नाही. त्याला लोभी म्हणणे अन्यायाचे होईल.

टिळकांचा नियम तर्काला धरून होता, पण तो कोणालाच पुरता लागू पडत नव्हता. आपटे कोशकार्यात आणि ग्रंथलेखनात बुडालेले, नामजोशी उद्योगधंद्यांच्या खटपटीत. खुद्द टिळक वृत्तपत्रांत. मग मोजमाप लावायचे कोणाला?

ते लागले गोखल्यांना. रानड्यांच्या देखरेखीखाली ते सार्वजनिक सभेचे त्रैमासिक सांभाळीत होते. १८९० मध्ये सभेचे चिटणीसपदही त्यांच्याकडे आले. रोजचा वेळ खाणारे हे पद आजीव सभासदाने घेऊ नये, असा आक्षेप टिळकांनी घेतला. चोवीस वर्षांच्या शिक्षकाच्या निमित्ताने दहा वर्षांची सगळी साठलेली बाकी एकदम वसुलीला निघाली. आदल्या वर्षीच्या मुंबई काँग्रेसमध्ये टिळकांनी मांडलेल्या उपसूचनेला अनुमोदन देणारे गोखलेच होते, हे लक्षात घेतले म्हणजे वैर अजून पक्के झाले नव्हते, हे कळते.

ऑक्टोबर १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. डिसेंबरात त्यांनी सविस्तर पत्र लिहून संस्थेचा सारा इतिहास आणि आपली कैफियत मांडली. ते पत्र आज वाचताना जाणवतो तो पराभूताचा संताप कमी आणि हातचे काम सुटल्याचे दुःख अधिक. ज्या संस्थेसाठी ऐन उमेदीची वर्षे दिली, तिला ते चौतिसाव्या वर्षी मुकले. १८९१ मध्ये ‘केसरी’ पूर्णपणे त्यांच्याकडे आला. आपण ज्यांना लोकमान्य म्हणून ओळखतो, ते टिळक यानंतरचे.

टिळक गेल्यावर कॉलेजात गणित कोण शिकवणार, हा रोकडा प्रश्न उरला. ते तास गोखल्यांनी घेतले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक पुढे शाळाशाळांतून चालले. फर्ग्युसनच्या नव्या इमारतीसाठी त्यांनी दारोदार वर्गणी मागितली आणि १९०२ पर्यंत शिकवण्याचे काम सोडले नाही. टिळकांना हवा होता तसा आजीव सभासद, विचित्र योगायोगाने, त्यांनी ज्याच्यावर बोट ठेवले त्याच्यातच निघाला.

आणि ज्या सार्वजनिक सभेपायी हे सारे घडले, तिच्यात १८९५ मध्ये टिळकांच्या पक्षाचे बहुमत झाले. रानडे आणि गोखले बाहेर पडले आणि १८९६ मध्ये त्यांनी डेक्कन सभा काढली.