कोल्हापूरची संध्याकाळ कुणाची?

अंबाबाईच्या दर्शनाला आपले गट कोल्हापूरला जातात. ओटी भरायची, महाद्वार रोडवर बांगड्या घ्यायच्या आणि दिवेलागणीच्या आत एसटी गाठायची, हे ठरलेलं. आज आम्ही बोलणार आहोत ते आपण मागं ठेवून येतो त्या संध्याकाळविषयी. कारण ती बायकांना सहज मिळालेली नाही.

आधी पोटाचं बघू. कोल्हापूरची मिसळ ब्रेडबरोबर खातात. तांबड्या रश्शाला रंग आणि ठसका येतो तो कांदा-लसूण चटणीनं. पांढऱ्या रश्शात मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ. रस्सा वाटीनं प्यायचा, मागून घ्यायचा. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी उभ्या करून समोर धार काढतात आणि फेसाळ दूध पेल्यात देतात. हे पैलवानांचं खाणं-पिणं म्हणून गाजलं. पण चटणी कुटणारे, म्हशीचं वैरणपाणी करणारे हात बहुतेक बायकांचेच.

आता करमणूक. शाहू महाराज 1902 मध्ये युरोपला गेले होते. रोममधलं जुनं गोल मैदान त्यांनी पाहिलं आणि पुढं 1912 पर्यंत खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं. त्याला लागूनच 1915 मध्ये पॅलेस थिएटर सुरू झालं. पुढं त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं. हे केशवराव कोल्हापूरचेच. लहानपणी ते गाजले ते ‘शारदा’ नाटकात. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीचं दुःख रंगमंचावर एक मुलगा गात होता! बाईनं नाटकात उभं राहणं तेव्हा घरंदाज समजत नसत.

त्याच कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांनी ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. तो 1920 मध्ये पडद्यावर आला. त्यात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींनी काम केलं. त्यापायी त्यांना समाजानं वाळीत टाकलं. मग त्या फिल्म कंपनीच्या आवारातच राहिल्या. बाकीच्या मंडळींबरोबर तिथंच जेवल्या, तिथंच झोपल्या. गावानं पंगतीतून उठवलं, तेव्हा कामाच्या जागेनं ताट दिलं.

आज आपल्याला कुणी वाळीत टाकत नाही. पण ‘अंधार पडायच्या आत घरी या’ आणि ‘लोक काय म्हणतील’ हे अजून आहेच. बापयांनी जत्रेत रात्रभर तमाशा बघितला तर ती हौस, आणि बायकांनी एक नाटक बघितलं तर उनाडपणा, हा हिशेब कुठला?

म्हणून आमचं सांगणं एवढंच: पुढच्या वेळी गटानं जाल तेव्हा एक मुक्काम धरा. राहायची सोय आधी बघा, खर्चाची वर्गणी आधी ठरवा, घरी स्पष्ट सांगून निघा. संध्याकाळी रंकाळ्यावर फिरा, खासबागेजवळ भेळ खा. नाट्यगृहाला ऑगस्ट 2024 मध्ये मोठी आग लागली होती, तेव्हा कुठलं नाटक कुठं आहे याची चौकशी करून जा. आणि हो, त्या दिवशी रस्सा दुसऱ्या कुणीतरी केलेला असू द्या. आपण फक्त वाटी पुढं करायची.