मोडेन पण वाकणार नाही!

मंडळी, 'मोडेन पण वाकणार नाही' हा आपल्याकडे मोठा गुण समजतात. माणसाच्या बाबतीत असेलही. पण गाडीच्या सस्पेन्शनने हा बाणा धरला की संपलंच! या वीकेंडचा विषय आहे रिमोटवर चालणाऱ्या ऑफरोड गाड्या, म्हणजे आरसी बग्ग्या, आणि त्यांच्यातलं एक जुनं भांडण: सस्पेन्शनचे भाग प्लॅस्टिकचे बरे की धातूचे?

"खेळण्यांचा कसला आलाय इतिहास?" असं कुणीतरी म्हणणारच. जरा थांबा. आधी नांदुऱ्याला जाऊ, मग जपानला.

नांदुरा हे बुलढाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर, मलकापूर आणि शेगावच्या मधे. महामार्गाने गेला असाल तर १०५ फुटी हनुमान दिसलाच असेल. महामार्ग सोडून पूर्णेच्या बाजूला वळलात की काळी माती. पावसाळ्यात चाक धरून ठेवणारी, उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होणारी. या मातीत बैलगाडी चालली ती स्प्रिंगशिवाय. चाक बाभळीचं आणि त्यावर लोखंडी धाव. धाव लालबुंद तापवायची, चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचं. ती आकसते आणि लाकडाला आवळून धरते. झिजायला लोखंड, धक्का खायला लाकूड. वाटणी अगदी स्पष्ट.

पुढे १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि हळूहळू खेडोपाडी पोचली. एसटीखाली पोलादी पाटे. "पाटा तुटला" हे वाक्य ज्याने ऐकलं नाही त्याने एसटीने प्रवासच केला नाही म्हणा. पाट्याचं पोलाद खास असतं. वाकतं आणि पुन्हा मूळ आकारात येतं. म्हणजे धातू वाकत नाही असं नाही. कुठला धातू, कशासाठी, हा प्रश्न आहे.

छोट्या गाड्यांपुढे हाच प्रश्न आला तो सत्तरच्या दशकाच्या शेवटी. जपानच्या तामिया कंपनीची पहिली रिमोट गाडी १९७६ ची, पण ती रस्त्यावरची. १९७९ मध्ये त्यांनी रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर या मातीत पळणाऱ्या बग्ग्या काढल्या. फोक्सवॅगन बीटलवर बांधलेल्या खऱ्या बग्गीची हुबेहूब नक्कल! खऱ्या गाडीत धातू, म्हणून इथेही सस्पेन्शनचे आर्म ओतीव धातूचे. दिसायला देखणे, हातात घेतले की वजनदार. पण ओतीव धातूचा स्वभाव शीर्षकात लिहिलाय तोच. जोरात आदळला की तुकडा.

मग आलं १९८४. कॅलिफोर्नियाच्या टीम असोसिएटेडने आरसी-टेन नावाची बग्गी काढली आणि सगळी मांडणी उलटी केली. मधला सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा, सोनेरी मुलामा दिलेला, आणि सस्पेन्शनचे आर्म नायलॉनचे. जे ताठ राहायला हवं ते धातूचं, जे हलायला आणि मार खायला हवं ते प्लॅस्टिकचं. बाभळीच्या चाकाचीच वाटणी, फक्त जागा बदलल्या. १९८५ मध्ये पहिली जागतिक ऑफरोड स्पर्धा झाली तेव्हा टू-व्हील ड्राइव्ह गटात हीच गाडी जिंकली. शंका काढणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

गंमत म्हणजे त्याच १९८४ मध्ये तामियाने ग्रासहॉपर काढली. तीही बहुतेक प्लॅस्टिकची, पण कारण वेगळं. नवशिक्या पोरांना परवडावी म्हणून. एकाच वर्षी, एकाच पदार्थाला दोन कारणं: एक अभियांत्रिकीचं, एक किमतीचं. लोकांच्या लक्षात राहिलं ते दुसरं. प्लॅस्टिक म्हणजे स्वस्तातलं, टिकाऊ हवं तर धातू. आपल्या घरातही हेच चालतं ना? "प्लॅस्टिकचं आहे, कितीसं टिकणार!" या समजावर रंगीत, चकचकीत अ‍ॅल्युमिनियम 'अपग्रेड'चा सगळा बाजार उभा आहे.

आता थोडं गणित. दीड किलोची बग्गी ताशी ४० किलोमीटरने दगडावर आदळली, तर तिची ऊर्जा साधारण ९० ज्यूल. म्हणजे तीच गाडी सहा मीटर उंचीवरून, दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून, खाली टाकण्यासारखं. ही ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी. आर्म दहा मिलिमीटर वाकून थांबला तर जो सरासरी जोर बसतो, त्याच्या पाचपट जोर तो दोनच मिलिमीटरमध्ये थांबला तर बसतो. अ‍ॅल्युमिनियम नायलॉनपेक्षा पंचवीस-तीसपट ताठ आणि दुपटीहून जड. आर्म वाकला नाही तर धक्का पुढे सरकतो: आधी आर्मची पिन, मग गिअरबॉक्सचं कवच, मग सांगाडा. आमच्या धंद्यातल्या भाषेत, एरर जिथे पकडायला हवी तिथे पकडली नाही आणि अख्खा प्रोग्रॅम बसला.

आणि हे फक्त खेळण्यापुरतं नाही बरं का. १९८१ च्या कॉर्व्हेटमध्ये मागचा दहा पात्यांचा, सुमारे १८.५ किलोचा पोलादी पाटा काढून काचतंतू आणि रेझिनचा एकच पाटा बसवला. वजन सुमारे ३.५ किलो!

मग धातूला जागाच नाही का? आहे की. गिअर, चाक फिरवणारे दांडे, शॉकअ‍ॅब्सॉर्बरची नळी, जिथे झीज आणि अचूक माप महत्त्वाचं तिथे धातूच हवा. आणि नायलॉनचेही नखरे आहेतच. पूर्ण कोरडं नायलॉन ठिसूळ होतं, थोडा ओलावा प्यायलं की चिवट. म्हणून जुने शौकीन नवे आर्म चक्क पाण्यात उकळून घेतात.

पण एक हिशेब कॅलिफोर्नियात करावा लागत नाही, तो नांदुऱ्यात करावा लागतो. माझ्या भाच्याकडे अशी एक बग्गी आहे. तो विचारतो, "मामा, मोडलं तर?" लोखंडी वस्तू मोडली तर तालुक्याच्या गावात वेल्डिंगवाला पाच मिनिटांत जोडून देतो. अ‍ॅल्युमिनियमला आर्गॉनचं वेल्डिंग लागतं, ते दर कोपऱ्यावर मिळत नाही. नायलॉनला तर साधा गोंदही नीट धरत नाही. नवा भाग कुरिअरने येईपर्यंत गाडी कपाटावर. धाव सैल झाली तर गावातला लोहार बसवून देत होता. ही सोय आपण हलकेपणाच्या बदल्यात देऊन टाकली, आणि देताना कुणी आपल्याला विचारलंही नाही.

तरी भाच्याला मी नायलॉनचेच आर्म घ्यायला सांगितलं, पण दोन जोड जास्तीचे. आर्म स्वस्त असतो, गिअरबॉक्स महाग. मोडायचंच असेल तर स्वस्त वस्तू मोडावी, आणि ती डब्यात तयार असावी.

तेव्हा 'प्लॅस्टिक की धातू' हा प्रश्न अर्धाच आहे. काय वाकू द्यायचं, काय मोडू द्यायचं आणि मोडलेलं कोण दुरुस्त करणार, ही तीन उत्तरं आधी ठरवा. पदार्थ मग आपोआप ठरतो. बाभळीचं चाक घडवणाऱ्या सुताराला हे मटेरियल सायन्स न शिकता ठाऊक होतं.

असो. पुढच्या वीकेंडला भेटूच.