कन्हानच्या पाण्यामागून आंभोऱ्याला

चप्पल काढून हातात घ्या. मोबाइल घरीच राहू द्या, आपण निघालोय तिथे त्याला कुणी ओळखणार नाही. डोळे मिटा आणि नाकाने ओळखा कुठे आलात ते. दगडी कोळशाचा धूर? बरोबर. कन्हान गावात पहाटे घरोघरी सिगड्या पेटल्या आहेत, रामटेककडे जाणारी गाडी स्टेशनात सुस्कारे टाकते आहे, आणि दूर खाणीचा पहिल्या पाळीचा भोंगा वाजतो आहे. होळी होऊन आठवडा झाला. गल्लीतल्या पोरांच्या कानामागे अजून रंग आहे. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची कोनशिला 1988 मध्ये बसणार आहे, तिला अजून काही उन्हाळे अवकाश आहे.

आज सगळा मोहल्ला आंभोऱ्याला, पाच नद्यांच्या संगमावर निघालाय. ट्रक उभा आहे, चढा. एरवी हा कोळसा वाहतो. काल संध्याकाळी तो नदीवर नेऊन धुतला, तरी फळ्यांच्या फटींत काळी भुकटी राहिलीच आहे. दुपारपर्यंत तुमच्या पांढऱ्या पायजम्याचं काय होणार ते आत्ताच समजून घ्या. खाली ताडपत्री, तिच्यावर दरी, दरीवर गंज, कोपर, कणकेचा डबा, वांग्यांची पिशवी, गोवऱ्यांचं पोतं आणि या सगळ्यांच्या मधल्या जागेत माणसं. तुम्ही पाय लांब करता आणि एक आजी ओरडते, "अरे पोट्ट्या, गंजाले पाय लावू नको!" वय विचारू नका, तिच्या लेखी ट्रकमधले सगळे पोट्टेच आहेत.

ट्रक नागपूरला वळसा घालून कुहीच्या रस्त्याला लागतो. कन्हान नदी मात्र स्वतःच्या वाटेने, माथनी-मौद्याजवळून, रमतगमत येते आहे. तिची आणि तुमची गाठ थेट शेवटी पडायची. मांढळ जवळ आलं की आधी शिंका येतात, मग गाव दिसतं. रस्त्याकडेला मिरचीचे सातरे लागले आहेत. लाल मिरची जमिनीवर अंथरलेली, एवढी की उन्हात डोळ्यांना टोचते. बाया ओळीने बसून देठ खुडताहेत, पदर नाकाला बांधलेला. मिरचीचा ठसका ट्रकच्या फळीवरून आत येतो आणि गाणी म्हणणारी सगळी पोरंसोरं एकदम खोकायला लागतात. पुढे मोहाची झाडं येतात. रात्री गळलेली फुलं सकाळच्या उन्हात गोड, जड, जराशी आंबूस दरवळतात. या दोन वासांच्या मधून ज्याने वेलतूरचा रस्ता कापलाय त्याला आंभोऱ्याची आठवण पुढे आयुष्यभर नाकात राहते.

आता उतरा. अनवाणीच. रेती अजून गार आहे, तासाभरात ती तव्यासारखी होईल, तेव्हा धावावं लागेल. समोर बघा. वैनगंगा, कन्हान, आम, कोलारी, मुर्झा, अशा पाच नद्या इथे एकत्र येतात. पावसाळ्यात हा सगळा पसारा पाण्याचा असतो. आत्ता फाल्गुन सरत आलाय, म्हणून काळे खडक उघडे पडलेत, धारा वेगवेगळ्या झाल्यात, आणि त्यांच्या मधोमध रेतीची बेटं वर आली आहेत. तुमचा मुक्काम अशाच एका बेटावर. पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळा, लेकराला खांद्यावर घ्या, कोपर डोक्यावर. पाणी पोटऱ्यांना लागतं आणि पायाखालची रेती सरकते. मासोळीची बारीक पिल्लं घोट्यांना टोचतात. कुणीतरी मुद्दाम घसरतं, कुणीतरी खरंच घसरतं, आणि कणकेचा डबा थोडक्यात वाचतो.

तहान लागली? पाण्याची बाटली शोधू नका. त्या बाईच्या शेजारी जाऊन बसा. ती डांगरवाडीवाली आहे. दिवाळीनंतर पाणी उतरलं तसं तिच्या घरच्यांनी रेतीत आळी केली, खत घातलं, वेल लावले, आता पानांखाली डांगरं पिकू लागली आहेत. पाण्याच्या काठापासून दोन पावलं अलीकडे ती हातांनी रेती उकरते. हाताच्या कोपरापर्यंत खोल गेल्यावर खड्ड्याच्या तळाशी ओल येते, मग पाणी. पहिलं पाणी गढूळ. ती करवंटीने ते उपसून फेकते. दुसरंही फेकते. "थांबा जी, घाई नका करू." रेतीचे कण एकेक करून खाली बसतात. खड्ड्याच्या भिंतीतून पाणी बारीक धारेने आत येत राहतं. तिसऱ्या वेळी तळाची प्रत्येक खडी दिसते. ती करवंटी भरून तुमच्या ओंजळीत ओतते. हा झिरा. गार, किंचित मातकट, आणि पोटाला हलकं पाणी. नदी शेजारून वाहत असताना झिऱ्याचं पाणी प्यायचं, हा इथला रिवाज आहे, कारण एवढी रेती ज्याला गाळते त्याला आणखी काही करावं लागत नाही.

तिकडे गोवऱ्या पेटल्या आहेत. कणकेचे पानगे पळसाच्या पानांत गुंडाळून निखाऱ्यात पुरले जाताहेत. वांग्याच्या भाजीला झणझणीत फोडणी बसली आणि शेजारच्या बेटावरची कुत्री पोहत आली. धूर डोळ्यांत जातो, उन्हाने मान भाजते, ओले कपडे अंगावरच वाळतात. पानगा फोडला की आत वाफ, वर जळक्या पानाचा वास. तूप हात आखडता न घेता वाढतात. जेवून झाल्यावर डांगर दगडावर आपटून फोडायचं, सुरी लागत नाही.

जेवणाआधी टेकडीवर चैतन्येश्वराच्या देवळात जाऊन यायचं राहिलं असेल तर आत्ता चढा. दगड तापलाय, गाभाऱ्यात शिरताच अंग शहारतं. ओल्या बेलाचा वास, अंधार, पिंडीवर थेंब पडण्याचा आवाज. शिवरात्रीला इथे उभं राहायला जागा नसते म्हणतात. आज तुम्ही, पुजारी आणि एक मांजर.

हौस असेल तर इथूनच आणखी मागे जाता येईल. शके 1110, म्हणजे 1188. परंपरा सांगते की कवी मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ याच टेकडीवर रचला. त्यांच्या गुरुपरंपरेतल्या हरिनाथांची समाधीही इथे दाखवतात. अंबाजोगाईकरही मुकुंदराजांना आपलंच मानतात, त्या वादात आपण पडायला नको. तुम्ही फक्त कान द्या. वरती कुणी ब्रह्माविषयी मराठीत लिहितं आहे आणि खाली घाटावर गुंड घासणाऱ्या बायाही मराठीतच भांडताहेत. मधे पाचही नद्यांचा आवाज.

उतरा परत. भंडाऱ्याच्या बाजूला जायचं तर डोंगा आहे. ढिवर बांबू रोवून डोंगा ढकलतो. आत दोन सायकली, एक शेळी, पलीकडच्या गावात पोरीला भेटायला निघालेली आई, आणि तुम्ही. डोंग्याची कड पाण्यापासून चार बोटं वर. शेळी हलली की सगळे श्वास रोखतात. मधल्या धारेत आल्यावर ढिवर बांबू उचलतो आणि पाण्याकडे बोट दाखवतो. इकडचं पाणी वैनगंगेचं, तिकडचं कन्हानचं, त्याला रंगावरून कळतं. म्हणजे आज पहाटे तुमच्या गावाच्या दगडी पुलाखालून निघालेलं पाणी कधीतरी इथेच येणार. हात घाला त्यात.

आता घट्ट धरा, काही वर्षं पुढे सरकायचंय, आणि हा टप्पा सुखाचा नाही.

तुम्ही गोसेखुर्दच्या फुगवट्यात येणाऱ्या एका गावात आहात. धरण खाली पवनीजवळ, पाणी मात्र इथवर चढणार आहे. माणसं स्वतःच्या हातांनी घरावरचे कवेलू उतरवताहेत. फुटू नयेत म्हणून तणसात रचून ठेवताहेत. मयाल काढली, दाराची चौकट उपसली, जातं दोघांनी मिळून ट्रॅक्टरवर चढवलं. चौकटीवर अजून हळदीकुंकवाची बोटं आहेत. म्हातारा कडुलिंबाखाली बसलाय, त्याला कुणी उठवत नाही. नव्या गावठाणात प्लॉट सरळ रेषेत पडले आहेत, रस्ता रुंद आहे, आणि रात्री झोपताना नदी ऐकू येत नाही. पाणी गडगडाट करत येत नाही. एका पावसाळ्यात ते चढतं आणि उन्हाळ्यात उतरायचं विसरतं, एवढंच. रेतीची बेटं गेली. डांगरवाड्या गेल्या. झिरा उकरायला काठच उरला नाही.

या आता आजच्या रविवारी. 20 जानेवारी 2024 ला उघडलेल्या केबलच्या पुलावर उभे राहा. 700 मीटरहून थोडा लांब, मनोऱ्यांच्या मधे, सुमारे 40 मीटर उंचावर प्रेक्षागॅलरी. वारा शर्ट फुगवतो. हा देखावा खरोखर मोठा आहे, मन भरून बघा: तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेली टेकडी, देवळाचं शिखर, क्षितिजापर्यंत चकाकणारा जलाशय. नागपूर-भंडाऱ्याकडची माणसं आता गाडीने सहज ये-जा करतात; प्रसूतीच्या वेळी डोंग्याची वाट बघत काठावर बसलेल्या बाईला विचारा या पुलाची किंमत. काठावर कढईत मासोळी आणि झिंगे तळले जाताहेत, तेलाचा आणि लसणाचा वास पुलापर्यंत येतो. पोरं फोटो काढताहेत. हॉर्न, पार्किंगच्या शिट्ट्या, मक्याची कणसं.

मग खाली पाण्यापर्यंत जा. पायजमा गुंडाळून वाकल्यावर हात पुढे करायला मन धजत नाही. हिरवट पाणी, काठाला जलपर्णी, आणि एक ओळखीचा वास. ओळखीचा, कारण तो नागपूरच्या नाल्यांचा आहे. नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान ते इथे आणते, आणि धरणाने अडलेलं पाणी ते इथेच साठवून ठेवतं. पूर्वी वाहून जायचं, आता राहतं. पाहुणे म्हणून आपण पुलावर येतो त्याच्या कितीतरी आधी आपलं पाणी इथे मुक्कामाला पोचलेलं असतं. ढिवर त्याच पाण्यात उतरून तुमच्या ताटातली मासोळी धरतो.

आंभोऱ्याला बोटी वाढवायच्या आहेत, हॉटेलं काढायची आहेत, जलपर्यटन करायचं आहे. खुशाल करावं, या भागातल्या पोरांना कामं हवीच आहेत. पण या पर्यटनाचं पहिलं काम आंभोऱ्यात नाही, नागपुरात आहे: नाग आणि पिली नद्यांत जाणारं सगळं सांडपाणी शुद्ध करूनच सोडणं. तुम्ही नागपूरकर असाल तर पुढच्या वेळी नगरसेवक मत मागायला दारात येईल, तेव्हा त्याला हेच विचारा. आणि तो ‘होऊन जाईल’ म्हणाला, तर त्याला एकदा आंभोऱ्याला घेऊन जा आणि पुलावर नेण्याआधी खाली काठावर उभं करा.